दोलकाचा वाढता झोका

जपानमधल्या सेन्दाईच्या विद्यापीठात निवृत्त होणाऱ्या प्राध्यापकाचं शेवटचं व्याख्यान म्हणजे अर्धा समारंभच. फुलं, फोटो, आणि प्रश्न कोणी विचारायचे नाहीत. तोकुनागा सेन्सेईंच्या, म्हणजे तोकुनागा सरांच्या, व्याख्यानाला निम्मे लोक प्रेमापोटी आले होते, उरलेले नंतरच्या जेवणापोटी. विभागप्रमुख ओगासावारा तिसऱ्याच कामासाठी. सेन्सेईंना हल्ली विसरायला होतं, अशी कुजबुज त्यांच्या कानावर होती. निवृत्तीनंतरही त्यांच्याकडे आठवड्याचा एक वर्ग ठेवायचं ठरलं होतं; आज काही घसरलं तर एप्रिलच्या नव्या सत्रापासून म्हाताऱ्याचा तो गुरुवारचा वर्ग बंद. सेन्सेईंची शेवटची विद्यार्थिनी चिनात्सु हे जाणून पहिल्या रांगेत अवघडून बसली होती.

सेन्सेई फळ्यावर दोलक सोडवत होते. खरं समीकरण अरेषीय, सरळ सुटत नाही. म्हणून आधी जवळचं रेषीय समीकरण धरायचं आणि त्यावर एकेक लहान दुरुस्ती चढवायची. यात त्यांचा जन्म गेला होता. आणि आज त्याच माणसाने आवर्तकाळ, म्हणजे एका झोक्याला लागणारा वेळ, दुरुस्त न करता तसाच पुढे नेला. झोका मोठा, तर वेळ किंचित जास्त. एवढं विसरलं की उत्तरात काळाचा गुणाकार शिरतो आणि फळ्यावरचा दोलक आपोआप वाढत सुटतो.

सुटलाच. सेन्सेई थबकले. खडू फळ्याला टेकलेला, हात हलेना. ओगासावारांनी चष्मा सारखा केला.

चिनात्सुने हात वर केला. सभागृहात चुळबुळ झाली.

"सेन्सेई, दुसऱ्या वर्षी मी नेमकी इथेच आपटले होते. माझा दोलक पार छताला लागला होता. तेव्हा तुम्ही मला काय सांगितलंत, ते यांनाही सांगा ना."

सेन्सेई तिच्याकडे बघत राहिले. ही कधी चुकली होती का, हे आठवायची धडपड त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होती. मग ते हळूच म्हणाले, "झोक्याचा वेळ आपण ठरवायचा नाही, पोरी. तोही थोडा सरकू द्यायचा." आणि त्यांनी चुकलेली ओळ पुसून पुढचं सगळं एका दमात मांडलं.

टाळ्या थांबल्यावर फुलांच्या गर्दीत ओगासावारा तिच्याजवळ आले. दुसऱ्या वर्षीचा तिचा पेपर त्यांनीच तपासला होता; त्यात हे गणित बिनचूक होतं.

"तुझा दोलक छताला लागला होता म्हणे?"

चिनात्सुने मान खाली घातली.

"गुरुवारचा वर्ग राहील," ते म्हणाले. "तू मात्र पुढच्याच बाकावर बसत जा."