राजकन्येचा गाल

अकरा महिन्यांनी मागावरून कापून काढलेला भिंतपट नुकताच उलटून अंथरला होता. फ्रान्समधल्या आमच्या ओब्युसाँ गावात आम्ही पटाची पाठ वर ठेवून विणतो. मागाखाली आरसा सरकवला तरी तळहाताएवढंच दिसतं, दर्शनी बाजू अखंड दिसते ती याच दिवशी. फिडल वाजवणारी माकडं, छत्रीखालचा मोर, वेलींचा झोपाळा, सारं झळकत होतं. फक्त झोपाळ्यावरच्या चिनी राजकन्येचा गाल कावीळ झाल्यासारखा पिवळट पडला होता.

"अगंबाई," सूत कातणारी जाकेतमावशी म्हणाली, "पोरीला झोपाळा लागला वाटतं!"

कुणीतरी फिसकन हसलं. फिलिबेर हसला नाही. चेहरा त्यानं विणला होता.

भोवतीची पानं माझी. एकोणीस वर्षं मी पानंच विणत आलो. चेहऱ्यांचा मान मात्र माझ्याच शेजारी बसून धाग्याची नळी धरायला शिकलेल्या फिलिबेरला मिळाला, आणि तेव्हापासून त्याच्या बोटांची प्रत्येक हालचाल माझ्या बरगडीखाली टोचत राहिली. म्हणून गालालगतच्या हिरव्या धाग्यात मी मंजिष्ठेत रंगवलेला एकेक तांबडा पदर मिसळला. पान हिरवंच दिसे. शेजारचा गुलाबी रंग मात्र त्या दडलेल्या तांबड्यापुढे विझून जाई.

मालक रेबिएर खाकरले. "फिलिबेर, पुढच्या पटात तू झाडं कर. चेहरे हा ब्लेझ करील," त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

या एका वाक्यासाठी मी जगलो होतो. ते कानांत शिरलं आणि तोंडात ओल्या लोकरीची चव आली.

मालक आत गेल्यावर फिलिबेर पटापाशी गुडघ्यांवर बसला. गालाकडे त्यानं पाहिलंच नाही. नखानं पानाचा एक धागा किंचित उचलून तो उजेडात पाहत राहिला.

"ब्लेझदादा, हे मिसळायला किती दिवस लागले?"

"काय मिसळायला?"

"राहू दे. मला जमलं नसतं." त्याचा आवाज हळू होता. "चेहऱ्याला रंग शेजारून येतो, हे तुला ठाऊक होतं. मग मला का नाही शिकवलंस?"

तो चिडला असता तर मला तोंड देता आलं असतं. एवढ्या वर्षांत माझं पान इतक्या जवळून कुणी पाहिलं नव्हतं. आणि त्या क्षणीही मला हेवाच वाटला, एका नजरेत सारं ओळखणाऱ्या त्याच्या डोळ्यांचा.

"मालकांना सांगणार आहेस?" मी विचारलं.

त्यानं गुडघ्यांवरची लोकर झटकली, आपल्या नळ्या गोळा केल्या आणि मालकांच्या खोलीकडे न वळता दारातून नदीच्या बाजूला निघून गेला.