रंगाआधीचं पाणी

दुसरं महायुद्ध संपलं आणि रविकांत भंगारातले ॲल्युमिनियमचे पत्रे घेऊन बेलापुरात आला. परसात विमान बांधणार म्हणे! त्याच्या मथूआत्याला या खुळाचा भारी राग. त्यात हाताखाली कादर मिस्त्री दिवसभर परसात. आत्याचं सोवळं कडक. ती दिसली, की कादर आपण होऊन लांब उभा राहायचा.

त्या सकाळी कादरने पंखाचा पत्रा साबणाने घासघासून धुतला. रंगाच्या पहिल्या हाताआधी पत्र्यावर तेलातुपाचा अंशही राहता कामा नये, नाहीतर रंग पोपडे धरून सुटतो. देवाच्या वाती तुपात भिजवून आत्या परसातूनच चालली होती. तिला राहवेना. होईल पुन्हा अंघोळ, म्हणत तिने पत्रा बोटांनी चाचपून पाहिला. "हा एवढासा पत्रा माणसाला वर नेणार?"

पत्रा नितळ झाला का ते बघायला रविकांतने तांब्यातलं पाणी वरून सोडलं. पाणी न तुटता पसरत गेलं आणि सबंध पत्र्यावर आभाळ उतरलं, घिरट्या घालणाऱ्या घारीसकट. आत्या बघतच राहिली. जन्मभर सोवळं पाळलं, पण स्वच्छ म्हणजे काय ते असं डोळ्यांना कधी दिसलं नव्हतं.

फक्त एका जागी पाणी अंग चोरून मागे सरलं, थेंबथेंब झालं. तिथे चार बोटं उमटली होती. तिचीच.

 कादरने पुन्हा साबण उचलला.

आत्याने हात पदरात गुंडाळले.

"घास तू, कादर," ती म्हणाली. "मी लांब उभी राहते."