वाऱ्याची लाइट

खोटं कशाला बोलू, गावातली लाइट गेली की मला आनंद व्हायचा. पनवेलच्या खाडीला लागून आमचं गाव, लाइनीच्या अगदी शेपटाला. मिठागरांवरून येणारं खारं वारं खांबावरच्या चिनीमातीच्या कपांवर मीठ साचवायचं, त्यातून वीज गळायची, आणि संध्याकाळी सात वाजले की दिवे गेलेच म्हणून समजा. मग अख्खा गाव माझ्या दारात. "आनंदा, बघ ना जरा." "आनंदादादा, चहा घे, मंग चढ." वायरमन मी एकटाच. लाइट आली की पोरं ओरडायची, आणि त्यांत माझ्या मनस्वीचा आवाज सगळ्यांत मोठा. अकरा वर्षं मी त्या रुबाबात काढली.

मग एक्याण्णव साली हरेशनं पंखा उभारला.

हरेश हा शेजारच्या सत्यवतीकाकीचा मुलगा, माझ्याहून बारा वर्षांनी लहान. आयटीआय करून आलेला, बोलायला गोड, त्यामुळे मला आधीच नकोसा. हायवेवरच्या एका गॅरेजातून त्यानं ट्रकचा भंगार डायनॅमो आणला. आंब्याच्या फळीची तीन पाती तासली, सायकलची चेन जोडली आणि मिठागराच्या बांधावर उंच वाशाच्या टोकाला हे सगळं चढवलं. लोक हसले. मी जरा जास्तच हसलो. दुपारी खाडीवरून वारा सुटला, पाती फिरली, पात्यांनी डायनॅमो फिरवला आणि डायनॅमोची वीज तारेनं काकीच्या पडवीत ठेवलेल्या ट्रकच्या बॅटरीत जमा होत राहिली. संध्याकाळी गावात लाइट गेली, तेव्हा त्या पडवीत बारा व्होल्टचा दिवा लागलेला होता. माझं हसू कुठल्या कुठे गेलं.

वारा काय त्याच्या बापाचा होता? आजा-पणजापासून आम्ही सगळेच त्याच वाऱ्यावर मीठ पिकवत आलो. डायनॅमो मला कळत होता, बॅटरी कळत होती. मग हे मला का सुचलं नाही? या प्रश्नानं मी रात्ररात्र जळायचो, आणि उत्तर सापडलं नाही की हरेशवर आणखी जळायचो. भामा, माझी बायको, वरून मीठ चोळायची. "केवरा गुनी पोर हाय," म्हणायची, तेही मला वाढताना.

तेवढंही मी गिळलं असतं. पण त्या वर्षी मनस्वी दहावीला होती. लाइट गेली की ती दप्तर उचलून काकीच्या पडवीत जायला लागली. मी एकदा अडवलं. म्हटलं, "थांब ना, आता आनतो लाइट."

"बाबा, तुझी लाइट येते नि जाते," ती म्हणाली. "हरेशकाकाची जात नाय."

ती सहज बोलली. मी पक्कड उचलून खांबावर चढलो. पोरीला माझं कौतुक राहिलं नव्हतं, आणि ते कुणी नेलं होतं हे मला ठाऊक होतं.

फेब्रुवारीत हरेशला द्रोणागिरीकडे गोदामात काम लागलं. तीन आठवडे तो तिकडेच राहणार होता. जाताना आईला सांगून गेला, बॅटरीचं पाणी कमी दिसलं की बाटलीतलं घाल. बाटली म्हणजे डिस्टिल्ड वॉटरची, गॅरेजात मिळते ती.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मी मनस्वीला जेवायला बोलवायला गेलो. काकी बॅटरीपाशी बसली होती. बाटली रिकामी होती. तिनं हंड्यात तांब्या बुडवला. आमच्या विहिरीचं पाणी मचूळ. त्यात डाळ शिजत नाही, चहा फाटतो, हंड्याच्या काठाला पांढरा थर धरतो. असलं खारं पाणी बॅटरीत गेलं की आतल्या पट्ट्या खलास, हे कुठलाही वायरमन झोपेत सांगेल.

काकीनं तांब्या हातात धरून माझ्याकडे पाहिलं. "थांब" एवढंच म्हणायचं होतं. मी खिशातून बिडी काढली आणि काडी शोधत राहिलो. मग काकीनं समईत तेल घालावं तसं जपून, सहाही भोकांत ते पाणी ओतलं.

पुढे पाणी उतरलेलं दिसलं की ती तेच घालू लागली. आणि मी रोज संध्याकाळी काही ना काही निमित्त काढून तो दिवा बघायला जाऊ लागलो. आधी तो पिवळा झाला, मग तांबूस. मला काय वाटत होतं म्हणून सांगू! जेवण गोड लागत होतं. भामाच्या ते ध्यानातही आलं. "आज काय खुशीत हाव?" तिनं विचारलं.

परीक्षेला दोन दिवस उरले आणि दिवा लागलाच नाही. त्याच संध्याकाळी गावातली लाइटही गेली. बिघाड आमच्याकडे नव्हताच, लांब ओवे गावाच्या पलीकडे कुठेतरी होता, आणि तिथे माझा हात पोचत नव्हता. मनस्वी चिमणीपुढे बीजगणित घेऊन बसली. धुरानं तिचे डोळे लाल झाले. मी म्हटलं, "उद्या बघतो." तिनं मान वर केली नाही.

सकाळी हरेश आला. त्यानं बॅटरीची झाकणं उघडली आणि हाक मारली, "आनंदादादा, तूच बघ रे हिला काय झालंय." मी गेलो. भामा आली, मनस्वी आली. पट्ट्या झडून तळाशी गाळ झाला होता.

"आये, पानी कुठला घातलास?" त्यानं विचारलं.

"हंड्यातला."

"मचूळ पानी? अगो, अक्कल हाय का नाय तुना!" गोड बोलणारा हरेश पहिल्यांदा आईवर ओरडला. वर्षाची मेहनत त्याची.

काकीचे डोळे भरले, पण ती मागे सरली नाही. "माझ्यावर नको वरडू. आनंदा व्हता ना हितं उभा. त्याच्याकडं बघूनच मी वतला. चुकीचा असता तर त्यानं मना थांबवला नसता? लाइटीतला त्याच्याएवरा कोनाला कलतं गावात?"

हे ऐकायला मी वर्षभर तळमळत होतो. आणि ते असं ऐकायला मिळालं.

हरेशनं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या मनात वाईट आलंच नाही. "जाव दे आये," तो म्हणाला. "दादाला काळोखात दिसला नसंल."

मी ते वरच्या वर झेललं. "हो ना," म्हटलं, "काळोख व्हता."

"दिवा लागलेला व्हता, बाबा," मनस्वी म्हणाली. "मी त्याच दिव्याखाली बसलेली."

हरेश खाली बसून बॅटरीची झाकणं एकेक करून लावत राहिला.