गोकुळदासांची सरळ रेघ

गोकुळदास सर म्हणजे उंटावरचे शहाणे, आणि उंटही कंपनीचा. गणेश चवथीला कोरगावच्या घरी पाहुणे जमणार म्हणून या गृहस्थांनी प्रयोगशाळेतला एकुलता एक नमुना फ्रिज टेम्पोत घालून घरी नेला. 'माझा फ्रिज' म्हणून मिरवायला! सांभाळायला बरोबर त्यांच्या हाताखालची इंजिनीअर, डिचोलीची सुविधा. त्यातला लिनिअर कॉम्प्रेसर तिने दोन वर्षं खपून उभा केला होता. तो मोडला तर दुसरा नव्हता.

नेहमीच्या कॉम्प्रेसरात पिस्टन दांड्याला बांधलेला असतो, ठरल्या जागेपलीकडे जाऊच शकत नाही. यातला स्प्रिंगवर झुलतो आणि चुंबकाच्या जोराने पुढेमागे होतो. जोर जास्त झाला की डोकं आपटून घेतो. म्हणून तो कुठवर गेला हे सेन्सरने सांगायचं आणि लॅपटॉपने त्याप्रमाणे जोर कमीजास्त करायचा. पण पडद्यावर सेन्सरची रेघ वाकडीतिकडी यायची. सरांनी केलेल्या गणिती मॉडेलची रेघ मात्र दोरी लावल्यासारखी! मग सरांनी सेन्सरच उपटला आणि मॉडेलचा अंदाज हेच मोजमाप ठरवलं. पेपर आपणच लिहायचा आणि आपणच तपासायचा. सुविधाला त्या अकलेची कीवसुद्धा आली नाही, किळस आली. बोलायला गेली तर उत्तर ठरलेलं, "तू अजून लहान आसंस गो."

संध्याकाळच्या आरतीआधी घरातल्या बायकांनी ऊनऊन खतखत्याच्या भाजीचं पातेलं, मणगण्याच्या खिरीचा टोप, हाताला लागेल ते फ्रिजात कोंबलं. एवढी ऊब मॉडेलच्या स्वप्नातही नव्हती. आरती सुरू झाली, मडक्यासारखं मातीचं घुमट वाजू लागलं आणि फ्रिजमधून आवाज आला. ठक, ठक, ठक.

सुविधा सरांजवळ धावली. "सर, पिस्टन आपटतोय. बंद करूया."

"खुळी काय गो? रेघ बघ!" गोकुळदासांनी लॅपटॉप पाहुण्यांकडे वळवला. पाहुण्यांनी रेघेला मान डोलावली. कळलं एकालाही नव्हतं, सर धरून.

"बाबू, फ्रिजात कोण ठोकता रे?" त्यांच्या आईने, कमलाक्षीबाईंनी, विचारलं.

"आये, ता आरतीच्या तालात चालता!"

सगळे खो खो हसले. ठोके जड होत चालले. सुविधा गर्दीतून वाट काढत फ्रिजमागे गेली आणि तिने प्लग उपटला. ठकठक थांबली. तिने कॉम्प्रेसरवर हात ठेवला. चटका बसला, पण कुठे तडा हाताला लागला नाही. तिला रडूच यायचं बाकी होतं.

गोकुळदासांना पत्ताच नाही. बॅटरीवरच्या लॅपटॉपात मॉडेल आपलं आपल्यालाच विचारून रेघ काढत बसलं होतं.

"बघितलास? आवाज आपसूक गेलो!" ते गरजले. "आणि पिस्टन बघ कसो चालता! केसाएवढो फरक नाय!"

सुविधाने हातातला प्लग वर धरला. घुमट थांबलं. कमलाक्षीबाईंनी प्लगकडे पाहिलं, लॅपटॉपकडे पाहिलं, मग लेकाकडे.

"मगे खतखता काय तुझी रेघ थंड करतली रे?" त्या म्हणाल्या, आणि पातेलं काढून शेजारच्यांच्या फ्रिजकडे निघाल्या.