राक्षसिणीच्या बाजूनं एक मत

चष्मेवालीनं दांडीचा स्क्रू पिळला, आणखी पिळला, आणि भिंग कट्‌कन तडकलं.

"अगं बाई!" समोर बसलेल्या बँकेतल्या बाई दचकल्या.

"घाबरू नका. चूक माझी आहे, नवीन भिंग मी घालून देते. पैसे नकोत." तिनं तडकलेला तुकडा कागदात गुंडाळला आणि कचऱ्याच्या डब्यात जरा जोरातच टाकला.

बँकेतल्या बाईंना भिंगाचं एवढं काही वाटलं नव्हतं. त्यांच्या मांडीवर ते जाडजूड पुस्तक उघडं पडलं होतं आणि डोळ्यांत अजून पाणी होतं.

"तर मी काय सांगत होते, ती वाटाडी तिला माफ करते ना, तिथे मी अक्षरशः ढसाढसा रडले हो. एवढी जिवाभावाची मैत्रीण, आणि तिनंच बुरुजाची किल्ली चोरायची! तरी ही एवढीशी पोर म्हणते, जा, मी तुला माफ केलं. केवढं मोठं मन म्हणायचं!"

"हो ना. फारच मोठं मन." चष्मेवाली म्हणाली. "परवा या. तयार ठेवते."

बाई गेल्या. चष्मेवालीनं स्क्रूड्रायव्हर गल्ल्यावर आपटला. आज सकाळपासून ह्या तिसऱ्या. जो येतो तो त्या पुस्तकाबद्दल बोलतो. लोकांना दुसरे उद्योगच राहिले नाहीत जसे काही!

त्या पुस्तकमालिकेचे पहिले तीन खंड कधीचेच येऊन गेले होते. डोंगराएवढी राक्षसीण खिंड अडवून बसते आणि काडीएवढी वाटाडी शेवटी तिला हरवते, एवढं तर शाळेतल्या पोरांनाही पाठ होतं. आता चौथं पुस्तक आलं होतं, आधी काय घडलं ते सांगणारं. म्हणे त्या दोघी कधीकाळी मैत्रिणी होत्या. एक घाबरट, एक दांडगट. एकीला जगातल्या साऱ्या वाटा पाठ, दुसरीला साधं उजवं-डावं कळत नाही. वाचणारे नुसते वेडे झाले होते.

चष्मेवालीनंही वाचलं होतं. शेवटचं पान संपवलं आणि पुस्तक भिंतीवर फेकून मारलं. भिंतीचा पोपडा निघाला, पुस्तकाला ढिम्म काही झालं नाही. आवाज ऐकून तिची लेक धावत आली आणि त्या संध्याकाळी लेकीला पहिल्यांदा सगळं कळलं.

ती राक्षसीण म्हणजे तिची आई होती.

शाळेत चष्मेवालीला सगळे पैलवान म्हणायचे. अंगानं थोराड, आवाज खणखणीत, आई लोकांची धुणी धुणारी. आणि लेखिकाबाई, ज्यांचा आज एवढा उदो उदो चाललाय, त्यांना काडी म्हणायचे. काडी मुख्याध्यापिकेची एकुलती एक मुलगी. त्या दोघींची गट्टी कशी जमली हे शाळेत कुणालाच कळलं नाही. पैलवान काडीचं दप्तर उचलायची, तिच्या वाटेला जाणाऱ्यांच्या कानाखाली काढायची. काडी तिला गणितं शिकवायची आणि मधल्या सुट्टीत पायऱ्यांवर बसून राक्षसांच्या गोष्टी सांगायची.

तर त्या काडीनं शेवटच्या वर्षी प्रश्नपत्रिकांच्या कपाटाची किल्ली आईच्या पर्समधून काढली. बोभाटा झाला तशी पैलवानाला गाठून रडायला लागली. "आई मला घराबाहेर काढेल गं. किल्ली मी आमच्या मिठाच्या बरणीत लपवलीये, तिथे कोण बघतंय? तू फक्त म्हण की तू घेतलीस आणि नाल्यात फेकलीस. तुला काय, चार दिवस ओरडतील आणि विसरतील. परीक्षा झाली की मी सगळं खरं सांगते, आईशप्पथ!"

पैलवानानं म्हटलं. भोळसट कुठली!

दुसऱ्या दिवशी तिला शाळेतून काढलं. काडीनं परीक्षा दिली, पहिली आली आणि तोंडाला जे कुलूप घातलं ते घातलंच. दुसऱ्या कुठल्याच शाळेनं पैलवानाला दारात उभं केलं नाही. डोळ्यांची डॉक्टर व्हायचं तिच्या मनात होतं. ती एका कारखान्यात भिंगं घासायला लागली. बोटांची साल निघाली, पण धंदा शिकली, स्वतःचं दुकान टाकलं, लेकीला शिकवलं. यातल्या कशाबद्दल ती कधी रडली नाही.

पण माफ केलं म्हणे! तिनं! मला! हे शब्द आठवले की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. चोरी करायची ती केलीच, वर दुसऱ्याला चोर ठरवून त्याला माफी द्यायची, आणि त्यावर टाळ्या घ्यायच्या. ह्याला काय म्हणावं?

दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून दोघी जेवायला बसल्या. लेकीनं मोबाइल उघडला. पुस्तक विकणाऱ्यांच्या पानावर खाली वाचकांची मतं होती, शेकड्यांनी. तिथे नाव घालायची सक्ती नव्हती. नाही घातलं तर नुसतं 'वाचक' असं यायचं.

"ऐक. 'वाटाडीसारखी मैत्रीण प्रत्येकाला मिळो.' पाच तारे."

"मिळो, मिळो. मग कळेल."

"'राक्षसिणीचा इतका राग आला की पुस्तक मिटून ठेवलं. असल्या लोकांवर कितीही माया करा, ते जातीवरच जाणार.' चार तारे."

चष्मेवालीचा घास हातातच राहिला. "असल्या लोकांवर?"

"आई, तू लिही ना. खरं काय ते लिही. मी टाइप करून देते."

"कोण विश्वास ठेवणार? म्हणतील, चष्मेवाली बया मोठ्या लेखिकेवर जळते."

लेक वाचत वाचत खाली गेली आणि एकाएकी थांबली. मग तिनं मोबाइल आईपुढे धरला. एकच तारा. खाली 'वाचक'.

"हे पुस्तक खोटं आहे. किल्ली राक्षसिणीनं घेतली नव्हती. किल्ली वाटाडीनं घेतली आणि मिठाच्या बरणीत लपवली. राक्षसिणीनं तिच्यासाठी आळ आपल्यावर घेतला. तिनं माफी मागायचं काही कारण नव्हतं. तिचीच माफी मागायला हवी होती."

आणि त्याच्याखाली वाचकांनी त्या वाचकाला नुसतं सोलून काढलं होतं. 'कसली मिठाची बरणी? आख्ख्या पुस्तकात मीठच नाही!' 'आजोबा, पुस्तक उघडून तरी बघितलंत का?' 'डोक्यावर परिणाम झालेला दिसतोय.' 'फुकटची प्रसिद्धी हवी, दुसरं काय.'

चष्मेवालीनं ते दोनदा वाचलं. मिठाच्या बरणीचं तिनं लेकीलाही सांगितलं नव्हतं; ते जगात दोघींनाच ठाऊक होतं. एक इथे बसली होती.

"तिनंच लिहिलंय," ती म्हणाली. "काडीनं."

"स्वतःच्याच पुस्तकाला एक तारा?" लेकीचे डोळे चमकले. "आई, म्हणजे तिला पश्चात्ताप झालाय!"

"डोंबल पश्चात्ताप!" ती अशी ओरडली की बाहेरून जाणारा एक माणूस शटरखालून वाकून बघायला लागला. "पुस्तकावर स्वतःचं नाव, एवढ्या मोठ्या अक्षरांत. आणि खरं बोलायची वेळ आली की 'वाचक'! तेव्हाही माझ्यामागे लपली, आताही लपतेय. आण इकडे तो मोबाइल."

खरकटा हात तसाच ठेवून तिनं डाव्या हाताच्या एका बोटानं लिहिलं. "नाव लिहायची हिंमत आहे का? पैलवान."

फोन दुसऱ्या दिवशी आला, दुकानात गिऱ्हाईक असताना. एका म्हाताऱ्या शिंप्याच्या डोळ्यांवर तपासणीची अवजड फ्रेम चढवून ती भिंगं बदलत होती. तिनं एका हातानं फोन उचलला.

"पैलवान?"

इतकी वर्षं गेली तरी तो पातळ आवाज तिनं लगेच ओळखला. "माझा नंबर कुठून मिळाला?"

"माझ्याकडे कधीपासून आहे."

"आणि आज केलास. वा!"

"तू असं का केलंस?" काडीचा आवाज थरथरत होता. "राग आहे तर मला चार शिव्या द्यायच्या. घरी येऊन द्यायच्या. पण चारचौघांत मिठाची बरणी काढायची? प्रकाशकांचे फोन येतायत मला. आई ते पान रोज वाचते, तुला कल्पना आहे?"

"मी काढली?"

"मग कुणी? आपण दोघी सोडून कुणाला..."

"अगं बावळट, मी त्याच्याखाली उत्तर लिहिलंय! स्वतःच लिहायचं आणि स्वतःलाच विचारायचं, हिंमत आहे का म्हणून? ते तू लिहिलंस."

"मी माझ्याच पुस्तकाला एक तारा देईन?"

शिंपी फ्रेम घालून कधी पंख्याकडे, कधी भिंतीकडे बघत होता.

"खरं सांग," चष्मेवाली म्हणाली. "त्या किल्लीचं शेवटी तू काय केलंस?"

"मी कुठे काय केलं? रात्री बरणीत हात घालून बघितलं तर नव्हती. मला वाटलं, तूच येऊन नेलीस. मला वाचवायला."

"मी? तुमच्या घरात येऊन?" चष्मेवालीचा आवाज चढला. "तुझ्या आईनं मला कधी पायरी चढू दिली होती? दप्तर द्यायला आले तरी दारातूनच कटवायच्या. मी तुमच्या स्वयंपाकघरात शिरणार?"

हातातलं भिंग फ्रेममध्ये बसवता बसवता चष्मेवाली थांबली.

"तुमच्याकडे स्वयंपाक कोण करायचं गं?"

उत्तर अगदी बारीक आवाजात आलं. "आई."

"कुठे आहेत?"

"आतल्या खोलीत. टॅब घेऊन बसलेली असते दिवसभर, अक्षरं मोठी करून."

"फोन दे त्यांना."

"पैलवान, ती फार थकलीये गं आता. हृदयाचं औषध चालू आहे. जाऊ दे ना, मी माफी मागते तुझी, मी पुढच्या आवृत्तीत..."

"फोन दे म्हणते ना!"

सपातांचा आवाज आला, दार करकरलं. काडी काहीतरी कुजबुजली आणि मध्येच तिला रडू फुटलं. मग फोनवर एक आवाज आला. झिजलेला होता, पण शाळेच्या मैदानात शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचा तोच होता.

"बोल."

चष्मेवाली उभीच राहिली. इतकी वर्षं भिंगं घासताना तिनं मनातल्या मनात काय काय शिव्या जमवून ठेवल्या होत्या. त्या सगळ्या काडीच्या मापाच्या होत्या. त्यातली एकही इथे बसेना.

"बाई, किल्ली तुम्हाला कधी सापडली?"

"त्याच संध्याकाळी. भाजीत मीठ घालताना."

"त्याच संध्याकाळी."

"हो."

"आणि मला काढलंत दुसऱ्या दिवशी सकाळी."

"हो." म्हातारीनं श्वास घेतला. "ती माझी मुलगी होती. तू कुणाची तरी होतीस. मी एवढाच विचार केला. पुस्तक वाचलं आणि वाटलं, हिनं लिहिलं ते सगळे खरं धरून चालतील. म्हणून मग मी लिहिलं ते. लोक मला काय काय बोलले ते वाचलंस ना?"

"वाचलं." चष्मेवालीनं गल्ल्याची कड घट्ट धरली होती. "तुम्हाला 'वाचक' म्हणून बोलले, बाई. मला तुम्ही प्रार्थनेनंतर व्यासपीठावर उभं केलं होतं. सगळी शाळा खाली बसलेली. माझं पूर्ण नाव घेतलं होतंत. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. दोनदा. मागच्यांनाही नीट ऐकू जावं म्हणून दुसऱ्यांदा."

चष्मेवालीनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आता तुमचं नाव लिहा," ती म्हणाली. "पूर्ण."

"मला टाइप पटकन जमत नाही गं. बोटं थरथरतात. तेवढं लिहायलाच चार दिवस लागले."

चष्मेवालीनं शिंप्याच्या डोळ्यांवरची फ्रेम हलकेच काढली आणि त्याला खुणेनंच बसायला सांगितलं. मग स्वतःही स्टूल ओढून बसली.

"लागू देत," ती म्हणाली. "मी फोन ठेवत नाही."