दोरीवरचे दोन फलक

धाकट्या मुलाचं वागणं आत्याबाईंना अजिबात पसंत नव्हतं. पाट्या रंगवायचा धंदा असला म्हणून काय झालं? सकाळी कापडावर ‘तळं बुजवू नका’ रंगवायचं आणि संध्याकाळी त्याच ब्रशाने ‘मॉल झालाच पाहिजे’? वर विचारलं तर म्हणायचं, “आई, मी फक्त अक्षरं काढतो. मजकूर ज्याचा त्याचा.”

“म्हणजे न्हावी जसा सगळ्यांचीच डोकी भादरतो, तसं?”

“तसंच.”

“न्हाव्याला स्वतःचंही एक डोकं असतं, बाबा.”

सगळी गल्ली त्यांना आत्याबाई म्हणे. घरचा धंदा कपडे धुण्याचा. भिंतीपलीकडे तळं, तळ्याचा पाझर अंगणातल्या विहिरीला, विहिरीचं पाणी हौदाला, आणि हौदावर सगळं घर. मॉल बांधणाऱ्या कंपनीला तळं बुजवून तिथे गिऱ्हाइकांच्या गाड्या लावायच्या होत्या. तळं गेलं की विहीर गेली, हे सांगायला कुणी शहाणा नको होता.

पण मोठ्या सुनेला त्याच मॉलमध्ये काम मिळणार होतं. खुर्चीत बसून, पंख्याखाली. इस्त्री ओढून ओढून तिचं उजवं मनगट वांग्यासारखं सुजलं होतं. सुनेचा हात बघितला की आत्याबाईंना वाटे, येऊ दे तो मॉल. विहिरीत डोकावलं की वाटे, जळो तो मेला. उभ्या आयुष्यात असं तळ्यात-मळ्यात त्यांनी कधी केलं नव्हतं, आणि त्याचीच त्यांना जास्त चीड येत होती.

“तुम्हीच काय ते ठरवा,” सून म्हणाली.

“ठरवते. तू आधी तो हात शेक.”

मॉलला परवानगी द्यायची की नाही, याच्या सुनावणीच्या दिवशी दोन्ही फलक चादरींच्या शेजारी दोरीवर वाळत होते. घरची रीत अशी, की दोरीवरचं कापड कुणाचंही असो, तोंड आत करून घडी घालायची आणि गिऱ्हाइकाच्या रंगाचा दोरा कोपऱ्याला बांधायचा. घड्या सून घाली, दोरे आत्याबाई बांधत. दोरीवरचे कपडे नेहमी दाराकडून उतरवायचे, म्हणजे तळातली घडी कुणाची आणि वरची कुणाची, हे न उघडता कळे. त्या दिवशी सुनेचा उजवा हात उचलेना, म्हणून तिने डाव्या हाताने भिंतीकडून उतरवायला घेतलं. आत्याबाईंनी सवयीने नेहमीच्याच क्रमाने दोरे बांधले. धाकट्याने गठ्ठे पोचते केले.

सभागृहात अधिकारीणबाई बसल्या, दोन्ही बाजूंनी ऐटीत फलक उघडले, आणि एकच हशा पिकला. कंपनीच्या लोकांच्या डोक्यावर ‘तळं बुजवू नका’, आणि तळंवाल्यांच्या डोक्यावर ‘मॉल झालाच पाहिजे’.

“अगं बाई,” मागे आत्याबाईंशेजारी बसलेली सून पुटपुटली आणि तिने मनगट पदराखाली लपवलं.

पुढारी घाईघाईने फलक खाली ओढू लागले. पण ते खाली येईनात. तळंवाल्यांमधल्या बेकरीवाल्याने आपलं टोक घट्ट धरून ठेवलं होतं. “सोडा की,” पुढारी दातओठ खात म्हणाला. बेकरीवाला ओशाळून म्हणाला, “सोडलं असतं हो. पण पोरगी कामाविना घरी बसलीय. यातलं अगदीच काही खोटं नाही.”

तिकडे कंपनीचा पहारेकरीही फलक सोडेना. “मी तळ्याकाठी राहतो, साहेब. ते बुजवलंत तर पावसाचं पाणी माझ्या घरात शिरेल.”

“मग नक्की कुणाला काय हवंय?” अधिकारीणबाईंनी विचारलं.

अधिकारीणबाईंनी कंपनीच्या इंजिनिअरला विचारलं, “गाड्या छतावर लावता येतील का?” तो म्हणाला, “येतील बहुधा. बघावं लागेल.” मग तळं ठेवून मॉलचा नकाशा आखून आणा, तोवर निकाल नाही, असं सांगून त्या उठल्या. आपण जिंकलो की हरलो, टाळ्या वाजवायच्या की नाहीत, हे दोन्ही बाजू एकमेकांनाच विचारत घरी गेल्या.

संध्याकाळी धाकटा दोन कोरी कापडं घेऊन अंगणात आला.

“पुन्हा?” आत्याबाई म्हणाल्या.

“दोघांनाही नवा फलक हवाय. पण काय लिहायचं ते दोघांनाही सुचत नाही. मलाच विचारतात. तूच सांग, आई, काय रंगवू?”

आत्याबाईंनी विहिरीकडे बघितलं. काठावर सून गरम पाण्यात हात बुडवून बसली होती. त्यांनी धाकट्याच्या हातातली कापडं काढून घेतली, नीट घडी केली आणि परत त्याच्याच हातात ठेवली.

“मला कळत नाही. ही विहीर टिकायला हवी आणि हिचा हातही, एवढंच कळतं. दोन्ही कसं जमायचं, देव जाणे. पण मी निदान गोंधळलेय. सगळी गल्ली गोंधळलीय. तू तेवढा गोंधळत नाहीस, कारण तू कशात नाहीसच. जे तुला स्वतःला पटलेलं नाही, ते कापड यापुढे माझ्या दोरीवर वाळायचं नाही.”