पाटावर बसवलेला कोश

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. जाडजूड, खाकी पुठ्ठ्याचा, पाठीवरची सोनेरी अक्षरं केव्हाच उडून गेलेला. रायपूरच्या चौबे कॉलोनीत शेखरच्या घरी माझा मुक्काम आहे. माझ्या पोटात एक मोठं भोक आहे. ते कसं पडलं आणि त्यापायी या घराचा एक दसरा कसा काळवंडला, ते सांगायला बसलो आहे. ऐकायला फार गोड नाही, आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म पुण्याच्या एका छापखान्यात झाला. शिशाचे खिळे जुळवून जुळवून माणसांनी मला अक्षर अक्षर उभं केलं, दोऱ्याने शिवलं आणि मैद्याच्या खळीने माझी पाठ चिकटवली. तेव्हा त्या खळीचा वास मला फार आवडायचा. पुढे तो आणखी कोणाला आवडणार आहे, हे मला बापड्याला कुठून ठाऊक असणार?

शेखरच्या वडिलांनी, यशवंतरावांनी, मला नागपूरला सीताबर्डीवर विकत घेतलं. त्यांना रायपूरच्या कचेरीत नोकरी लागली होती. तेव्हा नागपूर आणि रायपूर एकाच राज्यात होती. नंतर कोणीतरी नकाशावरची रेघ हलवली, नागपूर तिकडे गेलं आणि आम्ही इकडे राहिलो. आजूबाजूला सगळी हिंदी आणि छत्तीसगढी. पण आमच्या घरात, एका शब्दाला का होईना, रोज मराठी उत्तर मिळायचं आणि ते मी द्यायचो!

काय दिवस होते ते! कॉलोनीत कोणाचं इंग्रजी अडलं की तो आमच्याकडे येई. लोक यशवंतरावांना 'डिक्शनरीवाले काका' म्हणत. आई, पाणी, मांजर असले शब्द मला कोणी विचारत नसे. ते माझ्या पानांवर नुसतेच बसून असत, लग्नातल्या फुकट पाहुण्यांसारखे. मान असायचा तो आडमुठ्या शब्दांना. माझ्यात 'क्विडनंक' नावाचा एक शब्द आहे. अर्थ, गावभरच्या चौकशा करत फिरणारा. तो सापडल्यापासून यशवंतराव शेजारच्या श्यामरावांना त्याच नावाने हाक मारत, आणि श्यामरावांना वाटे आपली स्तुती चालली आहे.

यशवंतरावांचा एक नियम मात्र कडक होता. अर्थ कागदावर उतरवून न्यायचा नाही. इथेच बसून पाठ करायचा, तोंडाने म्हणून दाखवायचा, मगच त्यांच्या पत्नीच्या, सुशीलाबाईंच्या, हातचा चहा मिळायचा. "लिहून नेलेला अर्थ खिशात राहते, बोललेला अर्थ डोक्यात राहते," असं ते म्हणत. लोक कुरकुरत, पण चहाच्या आशेने पाठ करत. मागच्या गल्लीतली पद्मिनी तर नर्सिंग शिकत असताना जवळजवळ रोज यायची. दवाखान्यातले अवघड अवघड शब्द ती माझ्यासमोर मांडी घालून घोकायची. तिची बोटं माझ्या पानांवर फिरली की मला बरं वाटायचं.

मग यशवंतराव गेले.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सुशीलाबाईंनी मला पदराने पुसलं, काचेच्या कपाटात ठेवलं आणि किल्ली कमरेला खोचली. "यांची आठवण आहे. कोणी हात लावायचा नाही," एवढंच त्या म्हणाल्या. मला तेव्हा भरून आलं होतं. केवढा हा मान, असं वाटलं. मित्रांनो, मी मूर्ख होतो.

वर्षातून एकदा खंडेनवमीला मी बाहेर येई. सुशीलाबाई देव्हाऱ्यासमोर पाट मांडत, घरातली पुस्तकं-लेखण्या त्यावर ठेवत, सगळ्यांत वर मी. पाटीवर सरस्वती काढत, झेंडू वाहत. विदर्भातून आलेल्या घरांत ही चाल आहे. त्या दिवशी पुस्तक पुजायचं, उघडायचं नाही. दसऱ्याला उत्तरपूजा झाली की मगच हात लावायचा. बाकीची पुस्तकं दसऱ्याला उघडली जात. मी मात्र हळदीकुंकवासकट पुन्हा कपाटात.

अशी काही वर्षं गेली. नवीन राज्य झालं, आमचं रायपूर राजधानी झालं. गल्लोगल्ली इंग्रजी पाट्या लागल्या. ज्या दिवसांत माझी सगळ्यांत जास्त गरज, त्याच दिवसांत मी कुलपात. नात देवश्रीने एकदा मला मागितलं होतं. "दादी, एक बार देखने दो ना." ती मराठी सगळं समजते, पण बोलते हिंदीतच. सुशीलाबाई म्हणाल्या, "फाटून जाईल, पोट्टे. तुह्या पुस्तकात मागं अर्थ छापले आहेत ना? ते पाय." पोरीने पुन्हा विचारलं नाही. कपाटामागच्या भिंतीला ओल होती. माझ्या पाठीत काहीतरी कुरतडल्यासारखं व्हायचं. मला वाटायचं, म्हातारपण असेल.

त्या वर्षी सुशीलाबाईंच्या मानेला गाठ आली. दिसामाशी वाढू लागली. डॉक्टरांनी सुई टोचून पाणी काढलं आणि तपासायला पाठवलं. अहवाल आला तो नेमका नवमीच्या दिवशी. शेखर सिलतराच्या कारखान्यातून रात्रपाळी करून आला, अंगावरची काजळी धुतली आणि तसाच दवाखान्यात गेला. सकाळची पूजा झालेली होती. मी फुलांखाली पाटावर बसलो होतो.

दुपारी तो परत आला. चेहरा असा, की त्याची बायको पूर्णिमा पोळी लाटायची थांबली.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"म्हणाले, रिपोर्ट बिनाइन है, दशहरे के बाद आ जाइए, निकाल देंगे."

"बिनाइन म्हणजे?"

शेखर हातपाय धुवायला वळला.

"अहो, विचारलं नाही?"

"लय गर्दी होती. अन् लोकं पाहून राहिले होते. मी हव हव म्हटलं." मग हळूच म्हणाला, "मले वाटलं, घरी डिक्शनरी आहे. पाहून घेऊ."

ऐकलंत? दुसऱ्या कोणी डॉक्टरचा हात धरून विचारलं असतं. पण हा पडला डिक्शनरीवाल्यांचा मुलगा! चारचौघांत शब्दाचा अर्थ विचारायचा म्हणजे बापाच्या नावाला बट्टा. माझ्या मोठेपणाने त्याचं तोंड शिवलं होतं. मला पूजेत बसलेलं पाहून तो परत धावत दवाखान्यात गेला, तर कुलूप. डॉक्टर दसऱ्याला धमतरीकडच्या आपल्या गावी निघून गेले होते.

मला तो शब्द माहीत होता हो! घातक नसलेला, निरुपद्रवी. आनंदाची बातमी होती ती. साखर वाटावी अशी. ती माझ्या पोटात होती, हातभर अंतरावर माणसं कोमेजून बसली होती आणि मला तोंड नव्हतं.

परत येऊन शेखर पाटाजवळ आला. "आई, मी कोश उघडतो."

सुशीलाबाई जपाची माळ घेऊन बसल्या होत्या. "आज नाही. सरस्वती बसली आहे."

"आई, तुह्या जिवाचं आहे!"

"पन्नास वर्षांत या घरात नवमीले पुस्तक उघडलं नाही. उद्या उघडू."

देवश्री रडकुंडीला आली. "दादी, खोलने दो ना. माँ सरस्वती बुरा थोड़े मानेंगी."

"नाही म्हणजे नाही." मग त्या शेखरकडे वळल्या. "अन् कोणाले विचारत फिरू नको. माह्या दुखण्याचा डांगोरा नको पिटू."

सगळ्यांना वाटलं, काय हा म्हातारीचा सोवळेपणा. पण सगळे आत गेल्यावर त्या माझ्याजवळ सरकल्या. झेंडू बाजूला केला. माझ्या पुठ्ठ्यावर हात ठेवला. "मले भ्या वाटते," त्या मला म्हणाल्या, खरंच मला. "आजचा दिवस राहू दे." त्यांना सरस्वतीची नाही, अर्थाची भीती होती. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात ना, तसं झालं, फक्त इथे कळशातच हात घालायची कोणाची छाती नव्हती. त्यानंतर त्या दिवशी घरात चूल धड पेटली नाही.

दसऱ्याच्या सकाळी शेखरने घाईघाईत उत्तरपूजा उरकली. सगळे माझ्याभोवती बसले. त्या शब्दाची अक्षरं त्याने डॉक्टरांच्या टेबलावरच्या अहवालात डोळ्याने टिपून ठेवली होती. मी तर फुलून गेलो होतो. आता सांगतो, आता हसवतो सगळ्यांना!

त्याने पुठ्ठा उघडला. भुरभुर माती सांडली.

उधई, म्हणजे वाळवी! पांढऱ्या किडीने मला पाठीकडून पोखरलं होतं. ती खळ खात खात आत शिरली होती. पहिल्या अक्षराची पानं शाबूत होती, शेवटचीही होती. पण दुसऱ्या अक्षराच्या, म्हणजे 'बी'च्या पानांना एकामागून एक भोक, तळहाताएवढं. शेखरने बोट ठेवलं तिथे शब्दच नव्हता. भोकातून खालचा पाट दिसत होता.

मित्रांनो, मला वाटत होतं तो शब्द माझ्यापाशी आहे. तो केव्हा गेला, मलाच कळलं नव्हतं. त्या क्षणी मला लाज वाटली तेवढी आयुष्यात कधी वाटली नाही.

शेखरने पुढची चार पानं उलटली, तिथेही भोकच. मग सुशीलाबाई शांतपणे म्हणाल्या, "पाय. माह्यं पानच खाल्लं देवानं." त्यांनी कमरेची किल्ली काढली आणि पूर्णिमाच्या हातात दिली. "ठेव तुह्याजवळ. मले आता कायले लागते?"

"असं काहून बोलता आई?" पूर्णिमाने किल्ली घेतली नाही, तर ती त्यांनी तिच्या मुठीत कोंबली. शेखर तोंड फिरवून उभा राहिला. त्या दिवशी पुरणपोळ्या झाल्या, पण सगळे एकेक घास जणू लोकांच्या घरचा खात होते.

संध्याकाळी लोक सोनं द्यायला येऊ लागले. पद्मिनीही आली. ती आता मोठ्या दवाखान्यात सिस्टर आहे, टिकरापाऱ्यात राहते, पण दसऱ्याला आपट्याची पानं घेऊन काकूंच्या पाया पडायला दरवर्षी येते. तिने वाकून नमस्कार केला. सुशीलाबाईंनी तिचा हात धरला तो सोडलाच नाही. काल ज्यांनी कोणाला विचारू नको म्हणून बजावलं होतं, त्यांनीच विचारलं. या घराने पाहुण्याला अर्थ विचारण्याची ती पहिलीच वेळ.

"पद्मिनी, बिनाइन म्हंजे काय वं?"

पद्मिनीने त्यांच्या मानेकडे पाहिलं. मग शेखरच्या तोंडाकडे. आणि मांडी घालून बसली, पूर्वी बसायची तशी. "दयाळू, सौम्य," ती घोकल्यासारखी म्हणाली. "रोगाच्या बाबतीत, घातक नसलेला, निरुपद्रवी. काकू, अहो साधी गाठ आहे! चिरा देऊन काढून टाकतील, झालं. तुमच्याच घरी पाठ केला आहे हा शब्द. मी दोनदा चुकली होती, तर काकांनी चहा थांबवून ठेवला होता माझा."

माझेच शब्द होते ते, मित्रांनो. माझ्या पानावरचे, त्याच क्रमाने. मला उधईने खाल्लं, पण पद्मिनीच्या तोंडी बसलेले ते शब्द ती खाऊ शकली नव्हती.

शेखर भिंतीला टेकून खालीच बसला आणि लहान पोरासारखा रडू लागला. सुशीलाबाई आधी हसल्या, मग डोळे पुसले, मग एकदम भडकल्या. "मेल्या, डॉक्टरले तोंड उघडून विचारता नाही आलं तुले? दोन दिवस माह्या जिवाले घोर लावला!" आणि तोच राग माझ्या कपाटाकडे पाहताना विझला. त्या कपाटाची किल्ली काल त्यांच्याच कमरेला होती.

गाठ निघाली. मान बरी झाली. माझं भोक मात्र बरं झालं नाही, होणारही नाही. पूर्णिमाने मला उन्हात वाळवलं, पानांत कडुनिंब घातला, देवश्रीने पुठ्ठा चिकटवला. आता मी टेबलावर असतो. पोरगी अर्थ हिंदीत विचारते, आजी मराठीत सांगते आणि चहा दोघींनाही मिळतो. पण कित्येक शब्द माझ्यातून गेले. ते कोणते, हे मलाही सांगता येत नाही.

म्हणून विनवतो. तुमच्या घरात एखादं जुनं पुस्तक कुलपात पूजेला लावलेलं असेल, तर आज त्याला बाहेर काढा. त्याची पानं चुरगळू द्या, त्यावर चहाचा डाग पडला तरी पडू द्या. हात लागलेलं पुस्तक मळतं, न लागलेलं मरतं.

पुढच्या खंडेनवमीला सुशीलाबाईंनी पाट मांडला, सरस्वती काढली, झेंडू आणला. शेखरने मला नेहमीसारखं मिटून वर ठेवलं. त्यांनी मान हलवली, मला मधोमध उघडलं आणि फूल पानावर न ठेवता बाजूला ठेवलं.

"उघडंच राहू दे बाप्पा," त्या म्हणाल्या. "कोणाले आजच अर्थ लागला तर?"